वन्संची पणजी

साऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये मेलेल्या माणसांशी इतकी घसट असलेली दुसरी बाई तुम्हाला मिळणार नाही. मुलांनो, मी तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीबद्दल लिहिते आहे. तुम्ही त्यांना आत्याआजी म्हणता, मी वन्सं म्हणते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत असे म्हणून त्या मला मास्तरीण म्हणतात. त्यांचं स्वतःचं नाव गंगा. ते त्यांच्या पणजीचं नाव, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

जिवंत नातेवाइकांबद्दल वन्संना बेताचीच उत्सुकता असते. तुम्ही फोनवर आलात की त्या 'जेवलात का' एवढं विचारून फोन माझ्याकडे देतात. माणूस गेलं की मात्र त्याच्याकडे त्यांचं नीट लक्ष जातं. डांगे चौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागलेले असतात. वन्सं रिक्षा थांबवून ते वरपासून खालपर्यंत वाचतात. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत राहतात आणि वन्सं फ्लेक्सवरच्या शोकाकुल मंडळींची हजेरी घेत असतात. "धाकटी सून गाळलीय बघ," त्या एकदा म्हणाल्या, "पुतण्याचा मित्र घेतला, पण सून न्हाई घेतली." त्या घराशी आमची काही ओळख नव्हती.

रिक्षावाल्याचीही सुटका नसे. मूळ गाव कुठलं, वडील काय करत, आईचं नाव काय, आजीचं काय. बीडकडचा एक तरुण आजीच्या नावाशी अडला. "गाडीचा नंबर पाठ हाय, आन् आजीचं नाव ठावं न्हाई?" वन्सं म्हणाल्या. त्या बिचाऱ्याने रिक्षा बाजूला घेऊन गावी फोन लावला. "आबा, आपल्या आजीचं नाव काय होतं ओ? न्हाई, काई झालं न्हाई. एक मावशी इचारायल्यात." मग त्याने मान वळवून सांगितलं, "सोनाबाई म्हणतेत." वन्संनी समाधानाने मान हलवली. उतरताना त्याने भाडं घ्यायला नकार दिला, ते मात्र त्यांनी त्याच्या खिशात कोंबलं.

स्वतःच्या पणजीचा तर त्यांना सहवासच घडला असावा, असं त्यांचं बोलणं असे. गंगाबाईंना वांगं चालत नसे. गंगाबाईंनी मुसळ घेऊन बिबट्याला गोठ्यातून पिटाळलं होतं. लहानपणी वन्सं कुणाशी भांडल्या की मोठी माणसं म्हणत, पणजीवर गेलीय. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि त्या थेरगावला माहेरी परतल्या, पिंपरीच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागल्या, तेव्हाही सगळे हेच म्हणाले, गंगाबाईचं नाव आहे, ही खचायची नाही. पगार, घर, आजारपण, सगळं त्यांनी एकटीने निभावलं. एकटीने म्हणजे, त्यांच्या मते, दोघींनी.

म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी पणजीचा शोध घ्यायचं ठरवलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. आपलं मूळ गाव चाकणच्या बाजूचं. तिथल्या आपल्या जमिनीवर आता कारखान्यांचे पत्रे चमकतात. वन्संच्या पणजोबांनी मृत्युपत्र केलं होतं, असं त्यांनी कधी तरी ऐकलं होतं. त्याची नक्कल मिळवण्यासाठी त्या सरकारी कचेऱ्यांतून फिरू लागल्या. बसायला स्वतःची उशी, कारकुनांसाठी शंकरपाळ्यांचा डबा आणि सोबतीला मी, अशी आमची स्वारी निघे. जुनी कागदपत्रं शोधणारा माणूस जमिनीसाठीच आला असणार, हे तिथे गृहीतच असतं. एका कारकुनाने आवाज खाली आणून विचारलं, "आजी, किती गुंठे अडकलेत?"

"गुंठे न्हाई रे बाबा," वन्सं म्हणाल्या, "एक बाई अडकलीय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शंकरपाळे पुढे केले. अनेक खेपांनंतर नक्कल मिळाली, ती त्यानेच शोधली म्हणून. पण ती मोडीत होती. मला तीन भाषा येतात आणि त्या कागदावरचं एक अक्षरही मला लागेना, याचा वन्संना मनापासून आनंद झाला. "घे, वाच की आता," त्या म्हणाल्या.

चिंचवडला एक गृहस्थ मोडी वाचून देतात. वन्सं त्यांच्याकडे इरकल नेसून गेल्या. ते गृहस्थ सावकाश, एकेक शब्द सोडवून वाचू लागले. दोन बैल, एक तांबडा, एक पांढरा. विहिरीवर मोटेची पाळी. तांब्याचा हंडा. मग ते थांबले, चष्मा पुसला आणि वाचलं, "माझे पश्चात माझी बायको नकुसा हीस विहिरीकडील खोली तिचे हयातीपर्यंत द्यावी. मूल लहान आहे. तिजला कोणी उठवू नये."

"दुसरी बायको असंल," वन्सं लगेच म्हणाल्या. "गंगाबाईचं पुढं असंल."

पुढे काही नव्हतं. बायको एकच होती आणि तान्हं मूल म्हणजे आमच्या सासऱ्यांचे वडील.

तुम्हाला सांगायला हवं की नकुसा म्हणजे नको असलेली. घरात मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव असं ठेवत, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. रिक्षात वन्संनी रिक्षावाल्याला काहीच विचारलं नाही. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी काढून घेतला नाही.

घरी आल्यावर तुमच्या आजोबांनी चहा पिता पिता सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हां, असेल. गंगा हे गुरुजींनी सांगितलेलं."

"काय सांगितलेलं?" वन्संनी विचारलं.

मग उलगडा झाला. पणजोबा गेले, मागोमाग साथीत पणजीही गेली. मूल चुलत्याकडे वाढलं. ते मोठं होऊन आगारी टाकायला बसलं, तोवर चुलताही नव्हता. आगारी म्हणजे पितरांचं नाव घेऊन निखाऱ्यावर टाकलेला घास. आईचं नाव काय घ्यायचं, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, नाव ठाऊक नसेल तर गंगा म्हणा. तेव्हापासून घराने गंगा म्हटलं. पुढे अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मुलगी झाली, तिला पणजीचं म्हणून तेच नाव ठेवलं.

"तुला ठावं होतं?" वन्संनी विचारलं.

"अण्णांनी एकदा सांगितलं होतं. त्यात काय एवढं, असं वाटलं गं मला."

वन्सं आत जाऊन पडल्या. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी बिबट्याचं नाव काढलं नाही. एकदा मी मुद्दाम भरली वांगी केली. त्यांनी निमूटपणे दोन खाल्ली.

सर्वपित्रीला दरवर्षीप्रमाणे रावेतच्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत घमेल्यात निखारे केले. दरवर्षीप्रमाणे खालून सिक्युरिटीने इंटरकॉमवर विचारलं, "काकू, धूर दिसतोय, सगळं ओके ना?" आजोबा पाटावर बसले. मागे बसून नावं सांगायचं काम वन्संचं. अण्णांचं नाव झालं, आईंचं झालं, वन्संच्या आजोबा-आजींचं झालं. पणजोबांचा घास पडला. पुढचा घास हातात धरून आजोबा थांबले.

"आक्का, गंगाच म्हणू या का? नको असलेली म्हणून जेवायला हाक मारायची, बरं नाही वाटत. आणि सवयही आहे."

"सवय तुला हाय," वन्सं म्हणाल्या. "ती एवढी वर्सं दुसरीच्या नावाची हाक ऐकत दारात उभी आसंल."

"मग आजवरचं कुणी खाल्लं?" आजोबांनी विचारलं. त्यांना चेष्टा करायची नव्हती, पण त्यांचा चेहराच तसा आहे.

"कावळ्यांनी. सरक तिकडं."

बायका आगारी टाकत नाहीत, असं म्हणायला तिथे मीच होते आणि मी म्हटलं नाही. वन्सं गुडघ्यांवर हात टेकत पाटावर बसल्या. घास घेतला, त्यावर तूप घेतलं आणि घरातल्या माणसाला आतल्या खोलीतून बोलवावं तशा साध्या, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "नकुसाबाई, या. आमाला उशीर झाला. बसा."

तूप निखाऱ्यावर पडलं, ज्वाळ उठली. आजोबांनी चष्मा काढला. इंटरकॉम पुन्हा वाजला, तो आम्ही उचलला नाही.

दुपारी भांडी आवरताना वन्सं ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "मास्तरीण, म्हंजी गंगा नावाचं ह्या घरात माज्या आदी कुणी नव्हतंच."

"नव्हतं, वन्सं."

"मग त्यो बिबट्या?"

"बिबट्याचं मला माहीत नाही," मी म्हटलं, "पण तुम्ही एकटीने नोकरी केलीत, घर उभं केलंत, ते मी पाहिलं आहे. ते कुणावर गेलेलं नव्हतं."

त्यांनी पदराने एक ताट पुसलं, ते आधीच पुसलेलं होतं. "एकटीच हुते व्हय गं मी तवा," त्या म्हणाल्या. हे त्या अभिमानाने म्हणाल्या की त्यांना आता, या वयात, तेव्हाचं एकटेपण जाणवलं, ते मला कळलं नाही. त्यांच्याकडे पाहण्याचा धीर मला झाला नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मला पोरबाळ न्हाई. तुज्या नातवंडास्नी सांगून ठेव. नकुसाबाईचं आदी सांग, मग माजं."

त्या म्हणाल्या त्याच क्रमाने तुम्हाला सांगते आहे. तुमच्या खापरपणजोबांच्या आईचं नाव नकुसा. तिला विहिरीकडची खोली होती. आणि तुमच्या आत्याआजीचं नाव गंगा. ते त्यांचं स्वतःचं आहे. पुढच्या खेपेला फोनवर त्यांनी 'जेवलात का' विचारलं, तर लगेच फोन माझ्याकडे देऊ नका म्हणावं. त्यांच्याशी थोडं बोला.