सामना संपवून या

दुपारचं जेवण झालं की मी दिवाणावर आडवा होतो आणि पावलं मोजतो. मी गोलंदाज, माझा रनअप सतरा पावलांचा होता. बाकीची माणसं झोप यायला काय करतात ठाऊक नाही. मी अकराव्या-बाराव्या पावलाला झोपतो.

आज अठरावं पाऊल पडतं. मग एकोणिसावं. हातात चेंडू आहे, मी पळतोय आणि क्रीज काही येत नाही. तेविसाव्या पावलाला आमचं सांगलीचं स्वयंपाकघर येतं. ओट्यापाशी उज्ज्वला उभी आहे. माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले, हे मला पळतानाही माहीत आहे.

ती हात पुसते आणि एक हात आडवा धरते.

"नो-बॉल."

"अगं, अजून टाकलाच नाही मी."

"टाकणारच होतात. पाय कायम रेषेच्या पुढे तुमचा."

मी थांबतो. धाप लागली आहे. मला तिला एकच विचारायचं आहे. मागच्या हंगामात, अडतिसाव्या वर्षी, मी पाचव्या राज्याकडून खेळत होतो. सोळा वर्षं हेच केलं. ज्यांना गोलंदाज कमी पडेल त्यांच्याकडे दोन-चार हंगाम. इंडियाचं बोलावणं कधी आलं नाही. आगरतळ्याला सामन्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर तिचा फोन आला. ताप होता, दवाखान्यात ठेवलं होतं. "सामना संपवून या," म्हणाली. मी संपवला. घरी पोचलो तेव्हा ती नव्हती. ते ती मनापासून म्हणाली होती का, एवढंच मला हवं आहे.

"उज्ज्वला, त्या दिवशी तू..."

"खिळ्यांचे बूट घालून आत आलात? फरशी बघा जरा."

बघतो तर फरशी हॉटेलातल्या बाथरूमची आहे. कुठल्या गावचं हॉटेल, आठवत नाही. बादलीत माझी पांढरी पॅंट भिजते आहे. मांडीवर चेंडू घासून घासून पडलेला लाल पट्टा. प्रत्येक पॅंटला असायचा. ती तो सोळा वर्षं घासत आली.

"निघत नाही मेला," ती म्हणते. "किती विकेटी होत्या हो त्या डावात?"

"चार."

"म्हणजे पाचवीसाठी थांबलात."

"नाही मिळाली."

"मग फुकटच गेला की खेळ."

मला राग येतो. मेल्यावरही जीभ तशीच, आणि मुद्द्याचं बोलेल तर शपथ.

"अगं, ऐकून तरी घे. 'संपवून या' हे तू खरंच..."

"आधी हे टोक धरा. पिळा. तसं नाही, उलट्या बाजूने. एवढंही येत नाही?"

कधी केलंच नव्हतं. मी पिळतो. पाणी गळतं, गळतच राहतं. कितीही पिळलं तरी पॅंट तेवढीच ओली. माझे हात भरून येतात.

"उत्तर दे मला."

"ते म्हटल्यावर मी गप्प होते," ती म्हणते. "लक्षात आहे?"

"नाही."

"फोन कानाला धरून होते. तुम्ही काहीतरी विचाराल म्हणून. ठेवलात तुम्ही."

"खाली मीटिंगला बोलावत होते. चौथ्या दिवसाचं ठरवायचं होतं."

"हो ना. थांबू नका, पिळा."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

ती माझ्याकडे बघते. बोलायला तोंड उघडते. तिच्याकडचं टोक सैल पडतं.

मी दिवाणावर उठून बसतो. साडेतीन वाजले आहेत. "उज्ज्वला," मी मोठ्याने म्हणतो, "सांग ना." घरात कुणी नाही. नळाला सकाळपासून पाणी नाही. तोंड पुसायला हात वर नेतो आणि तसाच राहतो. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली आहेत, तासभर पाण्यात होती तशी.