माझ्या घशाचा निरोप

माझ्या मुलानं मला फसवलं. सोलापूरच्या घशाच्या डॉक्टरांनी माझ्याबद्दल त्याला एक सांगितलं आणि त्यानं मला दुसरंच सांगितलं. त्यापायी शेजारच्या तेर गावच्या आठवडी बाजारातली माझी जागा गेली.

मी भाजी विकते. जमीन नव्हती, नवरा लवकर गेला, मुलगा लहान होता. नदीकाठच्या मळ्यांतून मेथी, शेपू, वांगी उचलायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. सुरुवातीला मला पार शेवटी, नालीच्या काठाला बसावं लागे. तिथवर गिऱ्हाईक येईपर्यंत मेथी मान टाकायची. तेव्हा मी हाक घालायला शिकले. माझी हाक एसटी थांब्यापर्यंत जायची. बायका गाडीतून उतरता उतरता म्हणायच्या, "आली बघा वांग्यावाली!" आणि तडक माझ्याकडं यायच्या. भाव मी सोडत नसे. कुणी जुडी उलटीपालटी करून नाक मुरडलं तर मी म्हणे, "बाई, लग्नाला पोरगी बघताय का भाजी घेताय?" लोक हसत आणि घेऊन जात.

हळूहळू मी पुढं सरकले आणि बाजाराच्या तोंडाशी, रस्ता आत वळतो तिथली जागा मला मिळाली. बाजारातल्या जागेला कागद नसतो. जो दर बाजारी बसतो त्याची जागा. कुणी आजारी पडलं तर शेजारी त्याच्या नावानं पोतं अंथरून ठेवतात, पण ते एक-दोन बाजार. त्यानंतर जो बसेल त्याची. हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि त्यावर भांडण होत नाही.

मग माझा आवाज दुपारनंतर फुटायला लागला. सकाळी ठीक असायचा, उन्हं कलली की घोगरा व्हायचा, आणि संध्याकाळी घशाला कुणी आवळून धरल्यासारखं वाटायचं. मान आखडायची, जबडा दुखायचा. ज्येष्ठमध चघळला, मिठाच्या गुळण्या केल्या, हळदीचं दूध प्यायले. काही फरक पडेना. मुलाला धाराशिवला ऑफिसात नोकरी आहे. तो रजा काढून मला सोलापूरला घेऊन गेला.

डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून घसा बघितला. मग मुलगा म्हणाला, "आई, तू बाहेर बस. मी बोलतो डॉक्टरांशी."

मी उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. आमच्याकडं असंच असतं. रोग ज्याला झाला त्याला बाहेर बसवतात आणि घरातल्या शिकलेल्या माणसाला आत ठेवतात. सासू शेवटच्या आजारात होती तेव्हाही डॉक्टर माझ्या दिराशी बोलले, आणि सासूला शेवटपर्यंत कावीळ आहे असंच सांगितलं. कोथिंबिरीची जुडी घेताना मी आतली काडी अन् काडी बघते. वरून हिरवी आणि आतून सडकी जुडी मला कुणी आजवर खपवली नाही. पण त्या दिवशी माझ्याच घशाचा निरोप मी न उलगडता पदरात घेतला.

मुलगा बाहेर आला. त्यानं पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाला, "आई, बाजार बंद. डॉक्टर म्हणाले, आता ओरडलीस तर आवाज कायमचा जाईल. बोलायचंच असलं तर हळू, कुजबुजून."

"कायमचा?"

"कायमचा."

मी घरी बसले. शेजारीण दारातून म्हणाली, "काय अक्का, गल्ली लई शांत झालीया. कुणी मेलंबिलं का काय?" एरवी मी तिला चार शब्द ऐकवले असते. तेव्हा फक्त हात हलवला. विहारात वंदनेला सुरुवात माझ्या आवाजानं व्हायची. आता मी मागं बसून ओठ हलवू लागले. घरात पिठाचा डबा कुठं आहे हे सुनेला सांगावं तसं मी भिंतींना कुजबुजत होते, कारण सून अजून यायची होती.

मुलाचं लग्न ठरत होतं, म्हणून मुलीकडची माणसं घर बघायला आली. मी चहा घेऊन गेले तेव्हा मुलगा त्यांना सांगत होता, "आईची तब्येत बरी नसते. ती घरीच असते." मला वाटलं, माझ्या घशाबद्दल बोलतोय. जीव भरून आला. कप ठेवताना मी पदरानं डोळे पुसले, आणि होणारे व्याही म्हणाले, "मुलगा किती काळजी घेतो हो."

बाजारात शेजारी बसणाऱ्या मिरचीवालीनं माझ्या जागेवर पोतं अंथरून ठेवलं होतं. एकदा ती घरी आली. "अक्का, एक बांगड्यावाला दर बाजारी इचारतोय. म्या कवापर्यंत धरू? तुम्ही येणार हाय का न्हाय, एवढं सांगा." मी काय सांगणार? तोंड उघडलं तर आवाज जाईल आणि नाही उघडलं तर जागा जाईल. मी नाही म्हणून मान हलवली. ती पोतं माझ्या उंबऱ्यात ठेवून गेली.

कुजबुजून घसा बरा होण्याऐवजी जास्तच आवळला. मान वळेना, घागर उचलेना. खांदा धरला असेल असं वाटून मी धाराशिवला व्यायाम करून घेणाऱ्या एका फिजिओथेरपीच्या मॅडमकडं गेले. एकटीच गेले, कारण मुलाला पुन्हा रजा मागायला नको. वयानं माझ्या लेकीसारखी पोरगी. खांदा दाबता दाबता ती थांबली.

"मावशी, तुम्ही कुजबुजत का बोलता?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी? कुजबुजताना तुमच्या गळ्याच्या शिरा बघा आरशात." तिनं आरसा धरला. शिरा दोरीसारख्या उभ्या होत्या. "ओरडण्याइतकाच ताण पडतोय यानं. पण गळ्याला हात लावण्याआधी मला ते डॉक्टर काय म्हणाले ते नीट कळायला हवं. त्यांना भेटून या."

दुसऱ्या दिवशी मी सोलापूरची एसटी धरली. डॉक्टरांनी मला ओळखलं. पुन्हा नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "अजून व्यायाम सुरू केले नाहीत? मी मुलाला सांगितलं होतं की. घशात गाठ नाही, काही वाईट नाही. मान आणि गळ्याचे स्नायू आवळलेत. थेरपी घ्या, हाक नीट घालायला शिका आणि बाजार करा, असं म्हणालो होतो मी."

"आणि कुजबुजून बोलायचं?"

"छे! ते तर करूच नका म्हटलं होतं."

मी विचारलं, "मला का न्हाय सांगितलं?"

"मुलगा शिकलेला आहे. म्हटलं, समजावून सांगेल."

"घसा त्याचा होता व्हय, साहेब?"

डॉक्टरांनी पुढचा कागद ओढला. दारावर पुढचा पेशंट उभा होता. मला मागच्या वेळचं ते बाक दिसलं, आणि त्यावर हात बांधून बसलेली मी. परत येताना गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. डोक्यात नुसती आग होती आणि ती ओकायला आवाज नव्हता.

मॅडमकडं गेले तेव्हा म्हटलं, "रोज यायला जमणार न्हाय. आठवड्यातून एकदा येते, बाकीचं घरी करते. ते शिकवा."

"मावशी, इथं घासाघीस चालत नाही."

"ती कुठं चालत न्हाय ते दाखवा मला."

ती हसली आणि कबूल झाली. मग तिनं गळ्याला हात लावला. कानाच्या मागून खाली, हनुवटीच्या खाली, कंठमण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं हळूहळू फिरवायची. पहिल्यांदा मी तिचा हात धरला. गळ्याला असा हात लावू देणं सोपं नसतं. तिनं घाई केली नाही. मग म्हणाली, "बाजारात घालता तशी हाक घाला, नुसती घातल्यासारखी करा." मी केलं. तिनं आरसा दाखवला. हनुवटी वर, मान पुढं, खांदे कानाशी. इतकी वर्षं डोक्यावर पाटी आणि मग ही अशी हाक. मी मानेच्या जोरावर बाजार करत होते, पोटातला वारा कधी वापरलाच नव्हता.

ग्लासात पाणी घेऊन नळीनं बुडबुडे काढायचे आणि त्यातच आवाज काढायचा, हा एक व्यायाम होता. तोंड मिटून हुंकार द्यायचा, हा दुसरा. घरी चुलीपुढं बसून मी ते करायची. एका सकाळी हुंकार छातीपर्यंत उतरला आणि दाताला गुदगुल्या झाल्या. माझाच आवाज होता, ओळखीचा. तेव्हा मी मुलाला विचारलं नव्हतं अजून. आधी आवाज हातात येऊ दे, असं ठरवलं होतं. आवाज नसताना भांडणं मला जमत नाही.

मी बाजारात गेले. माझ्या जागेवर बांगड्यावाला बसला होता. तो उठून उभा राहिला. "अक्का, तुम्ही यायचं सोडलं असं ऐकलं होतं." त्याच्यावर माझा राग नाही. तो नियमानं बसलाय. मी पार शेवटी गेले, नालीच्या काठाला, आणि पोतं अंथरलं. हनुवटी खाली ठेवली, श्वास पोटात घेतला आणि हाक घातली, एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. मिरचीवाली लांबून ओरडली, "आगं बया! मेलेली उठली का काय!" गिऱ्हाईक मात्र तिथवर कमीच आलं. मेथीनं मान टाकली.

त्या संध्याकाळी जेवताना मी मुलाला विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?" पूर्ण आवाजात विचारलं. त्याचा घास हातात राहिला.

"आई, तुझ्या भल्यासाठीच..."

"काय म्हणाले होते?"

तो ताटाकडं बघत म्हणाला, "मुलीकडच्या लोकांची गाडी तेरवरूनच येते. थांब्यावर उतरले असते आणि तू तिथं ओरडत... मी काय सांगायचं होतं त्यांना?"

त्यानं ताट बाजूला सारलं. उठून हात धुतले आणि बाहेर गेला. आता मी समोर आले की मोबाइलमध्ये बघतो. ज्या आवाजावर त्याची शाळा झाली आणि नोकरी लागली, तो आवाज त्यानं मला परत येऊ दिला नसता, मी खांदा दाखवायला गेले नसते तर. व्याह्यांनी "किती काळजी घेतो" म्हटलं तेव्हा त्यानं मान डोलावली होती, हे मला आता रोज दिसतं.

म्हणून पोरा, मी हे लिहिते आहे आणि तुला वाचायला देणार आहे. माफी मला नको. येत्या बाजारी तू तेरला ये. थांब्यावर उतर, बाजाराच्या तोंडाशी, त्या जागेपुढं उभा राहा, आणि डॉक्टर खरं काय म्हणाले होते ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. मुलीकडच्या माणसांनाही सोबत आण. त्यांच्यापुढं सांग तुझी आई काय करते ते. आणि माझी जागा मला कोण परत देणार, याचंही उत्तर तूच दे. मी नालीच्या काठाला बसलेली असेन. तिथवर तुझा आवाज आला पाहिजे.