मी एंटलास्टुंग दिली नाही

“तुमच्या लोकांना आयतं मिळायची सवय. तुम्ही आम्हाला सचोटी शिकवणार?”

अध्यक्षकाका हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात समोशांचा ट्रे होता. स्टुटगार्टातल्या त्सुफेनहाउझेनचा हॉल, मराठी मंडळाची सगळी माणसं समोर. काकू टिश्यूंची घडी घालत बसल्या. लाज वाटत होती, आणि ती मला का वाटतेय याचाच संताप येत होता.

आयतं? माझ्या आईने येरवड्यात लोकांची धुणी धुऊन मला इंजिनिअर केलं.

थोड्याच वेळापूर्वी ह्याच माणसांनी डोळे पुसले होते. इटालियन सिनेमा लावला होता, घोडागाड्यांच्या काळातला. मंत्र्यांनी लुटलेली बँक तपासायला एक अधिकारी येतो. बायको सांगते, मित्र सांगतात, गप्प बस. तो बसत नाही, आणि देशोधडीला लागतो. दिवे लागल्यावर काका गदगदून म्हणाले, असा माणूस आपल्यात हवा. हो ना. पडद्यावर सगळ्यांनाच आवडतो तो.

सिनेमानंतर वार्षिक सभा होती. मंडळाचे हिशेब तपासायचं काम माझ्याकडे. तपासणाऱ्याने सभेत उभं राहून म्हणायचं, कारभार चोख आहे, कार्यकारिणीला एंटलास्टुंग द्या, म्हणजे जबाबदारीतून मोकळं करा. मग सगळे हात वर करतात. आमच्या मंडळात तो आरतीनंतरचा प्रसाद झालाय. मला नेमलं ते हुशार म्हणून नाही. आम्ही काकांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. भाडेकरू बाई काय बोलणार!

पण गणपतीच्या जेवणाचे म्हणून काढलेले पैसे काकांच्या मेव्हण्याच्या केटरिंगला गेले होते. आणि जेवण तर आम्ही बायकांनी घरून करून आणलेलं. माझी वांग्याची भाजी लोकांनी मागून मागून खाल्ली होती. म्हणून चहाच्या वेळी मी काकांना बाजूला घेऊन हळूच विचारलं. त्यांनी उत्तर हळू दिलं नाही.

सभा सुरू झाली. माझं नाव पुकारलं. नवऱ्याने ओढणी धरली.

“अगं, बस. पाया पडतो तुझ्या. घर जाईल.”

खोटं नव्हतं त्याचं. त्याचं काँट्रॅक्ट संपलंय, मला सातवा महिना, आणि स्टुटगार्टात घर मिळणं म्हणजे देव भेटणं. तरी उभी राहिले.

“मी एंटलास्टुंगची शिफारस करत नाही. जेवणाचा खर्च खोटा आहे.”

कोणीतरी हसलं. काका म्हणाले, आल्झो, चला, मतदान घेऊया. हात वर गेले. एकेक करत सगळे. शेवटी माझ्या नवऱ्याचाही.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो बघत नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात काकांनी फ्लॅट सोडायला सांगितलं, मुलाला राहायला हवा म्हणे. मुलगा वाल्डॉर्फला स्वतःच्या घरात राहतो. आम्ही जागा बघत फिरतोय, कुणी फोनसुद्धा उलटून करत नाही. घरात आम्ही दोघं बोलत नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडते मी, खोटं कशाला सांगू.

सोमवारी फिनान्झआम्टात, म्हणजे कर कार्यालयात जाणार आहे, मंडळाची करसवलत तेच देतात. जर्मन माझं मोडकंतोडकं आहे. चालेल. नवरा येवो न येवो. हे पोट घेऊन रस्त्यावर यायची वेळ आली तर येईन. ह्यांच्या चोरीला चोख म्हणायला माझं तोंड मिळणार नाही.