रोजची अंघोळ

कुत्रा आम्हाला आयता मिळाला. ऑफिसातली माझी मैत्रीण, पुण्याची, हिमायतनगरला राहायची. नवऱ्याला परदेशी नोकरी लागली आणि तिनं आपला पांढराशुभ्र, दाट केसांचा हस्की आमच्या काचीगुड्याच्या दोन खोल्यांत आणून सोडला. हैदराबादच्या उकाड्यात बर्फातलं जनावर पाळायची हौस तिची, निस्तरायचं आम्ही. सोबत एक कागद दिला होता. अंघोळ महिन्यातून एकदाच, मग ड्रायरनं पार कातडीपर्यंत वाळवायचं, रोज मुळापासून विंचरायचं. मी तो वाचला आणि फ्रिजवर चिकटवला. कागद इंग्रजीत होता, आईला इंग्रजी येत नाही.

आठवड्याभरात खालच्या घरमालकीणबाई आईला जिन्यात म्हणाल्या, "कुत्ते की बास आरी जी तुम्हारे घर से."

झालं. माझ्या आईला आळशी म्हणा, भांडखोर म्हणा, चालतं. वास येतो म्हटलेलं चालत नाही. ती परभणीकडच्या खेड्यात वाढली. आम्ही बौद्ध, तेव्हा शाळेत तिला सगळ्यात मागं बसवायचे, यांना वास येतो म्हणून. तिनं आम्हाला घासून घासून मोठं केलंय.

दुसऱ्या दिवसापासून कुत्र्याला रोज साबण लावून अंघोळ. वरून टॉवेलनं पुसायची, कंगवा वरवर फिरवायची. कापसासारखा दिसायचा. "बघू आता कुणाची बिशाद आहे बोलायची," म्हणायची.

मी एकदा म्हणाले, "आई, रोज नको गं."

"तुला जिन्यात ऐकून घ्यावं लागत नाही."

मी टॉवेल आणून दिला. खरं सांगायचं तर मलाही ते जिन्यातलं बोलणं नकोच होतं.

मग वास खरोखरच यायला लागला, गोडसर, कुजका. आई दिवसातून दोनदा अंघोळ घालायला लागली. बादलीचा आवाज आला की कुत्रा पलंगाखाली शिरायचा, ती ओढून काढायची.

शेवटी आम्ही दोघी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरनं मशीन लावलं तसे केस सतरंजीसारखे एका तुकड्यात निघाले. खाली धड कातडी नव्हती. लाल मांस, पू, शेपटीच्या बुडाशी अळ्या. डॉक्टर वैतागला. "कितने दिन से साफ नहीं करे इसको?"

आई ताठ उभी राहिली. "रोज नहलाती मैं. साबून लगा के, रोज."

मला बाहेर बोलावून त्यानं समजावलं. वरचे केस वाळतात, आतला लोकरीसारखा थर ओलाच राहतो, त्याखाली कातडी सडते. मला काय नवीन सांगत होता तो. फ्रिजवर लिहिलेलंच होतं सगळं.

तिसऱ्या दिवशी कुत्रा दवाखान्यातच गेला. डॉक्टर काय म्हणाला, असं आईनं विचारलं. मी म्हणाले, इन्फेक्शन. घरी आल्यावर तो कागद फाडून टाकला. लाज वाटते मला त्याची, आजही.

आई अजून मधूनच म्हणते, "पहिल्यापासून दोनदा घातली असती अंघोळ, तर वाचला असता गं."

मी हो म्हणते.