कांबळेने सोडलेला चहा

आमच्या खात्यातली जुनी माणसं भेटली की एकमेकांच्या तब्येतीची चौकशीसुद्धा पुरी होत नाही. कोणीतरी म्हणतंच, "तो स्टेंटरवरचा किस्सा सांग रे." मग एकातून दुसरा निघतो आणि घरच्यांची जेवणं खोळंबतात.

आमचा कारखाना ठाणे-बेलापूर रोडवर. स्टेंटर म्हणजे एक लांबलचक गरम मशीन. ओल्या कापडाच्या दोन्ही कडा फिरत्या पिनांवर अडकतात आणि कापड ताणलेलंच सुकतं, म्हणजे आटत नाही. मशीन मध्येच थांबलं तर आतलं कापड पिवळं पडतं. म्हणून एकदा कापडाचा लॉट मशीनवर लागला की उतरेपर्यंत जागा सोडायची नाही, आणि उतरला की सगळ्यांनी चहा घ्यायचा, असा आमचा कायदा होता.

*

शिफ्टचे सावंत मास्तर मालवणकडचे. इंग्रजी वाचनाचा त्यांना भारी नाद. एकदा म्हणाले, पूर्वी इंग्लंडात धुतलेलं लोकरी कापड मैदानात लाकडी चौकटींवर ताणून वाळवत. चौकट म्हणजे टेंटर आणि तिचे वाकडे खिळे म्हणजे टेंटरहुक्स. आपल्या स्टेंटरचे ते पणजोबा! आपण म्हणतो जीव टांगणीला लागला. गोरा साहेब म्हणतो, माणूस टेंटरहुक्सवर आहे.

इथल्याच बोनकोडे गावचा पुंडलिक पाटील कडा पिनांवर बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यांचं कापड सुकलं, तं त्याची म्हन झाली. आमचं रोज सुकतंय, त्याचं काय?"

*

झालं, शब्द खात्यात रुळला. पुंडलिकची बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती, त्या दिवशी मास्तरांनी आपुलकीने विचारलं, टेंटरहुक्सवर आहेस का रे?

"मी कवाच सुकून उतरलो, मास्तर. चवथी खेप हाय."

*

कांबळे मात्र खरोखर टांगणीला लागला होता. हा पैठणकडचा, अबोल माणूस. त्याच्या बायकोची, विमलवहिनींची, शाळा लग्नामुळे सुटलेली. त्यांना नर्सच्या कोर्सला जायचं होतं, आणि त्यासाठी दहावी हवी होती. पहिल्या खेपेला गणित राहिलं, तेव्हा रडून म्हणाल्या की आता पुरे. दुसऱ्या दिवशी लॉट उतरल्यावर कांबळेने कप परत केला. ही पास होईपर्यंत चहा बंद म्हणाला.

मास्तरांनी विचारलं, नवस कुठल्या देवाला बोललास?

"देवाला मधे कशाला आणायचं, मास्तर? अभ्यास तिनं करायचा, चहा मी सोडायचा."

*

मालक एकदा खात्यात आले आणि काम बघून खूश होऊन त्यांनी स्वतः कांबळेपुढे कप धरला. कांबळेने हात जोडले. "साहेब, पास झाल्यावर घेईन."

ऑफिसपर्यंत मालक मास्तरांना विचारत होते, हा कुठल्या परीक्षेला बसलाय?

*

दुसऱ्या खेपेलाही वहिनींचं गणितच राहिलं. आम्हाला वाटलं, आता तरी हा घोटभर घेईल. पुंडलिकने कप पुढे केला, तर त्याने तो विसळून त्यात पाणी घेतलं. मला त्याचा राग आला, आणि अभिमानही वाटला. पण वहिनी पुन्हा पुस्तकं घेऊन बसल्या, हे नंतर कळलं.

*

तिसऱ्या निकालाच्या दिवशी आमची सकाळपाळी होती आणि कांबळेचा लॉट नुकताच लागला होता. वॉचमन सांगत आला, वहिनी शाळेतून थेट गेटवर आल्यात.

मास्तर म्हणाले, जा तू, तुझ्या जागी मी उभा राहतो.

"तिला ठाऊक आहे लॉट लागलाय," कांबळे म्हणाला. "थांबेल ती."

पुंडलिक धावत विचारून आला. "वैनी म्हनतात, आदी त्यांना सांगनार."

चेहऱ्यावरूनही काही कळत नव्हतं म्हणे. मास्तर उगाचच गेटपर्यंत जाऊन आले. कांबळेचा हात मात्र कापडाच्या कडेवरून सरकत होता, आणि एकही पिन सुटली नाही.

कापडाचं शेवटचं टोक बाहेर आलं. त्याने हात पुसले आणि निघाला. त्याच्यामागे सगळं खातं निघालं.

गेटबाहेरच्या टपरीच्या बाकड्यावर वहिनी बसल्या होत्या. कांबळे समोर जाऊन उभा राहिला. वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि टपरीवाल्याकडे वळल्या.

"भाऊ, दोन चहा द्या. ह्यांच्यात साखर जास्त."