दोन इंच जास्तीचे

जयनगरपलीकडच्या उतारावर, पावसाळी नाल्याकाठच्या गल्लीत गोजराबाई बत्तीस वर्षं ब्लाउज शिवत आल्या. गळ्यात कायम टेप. म्हणूनच पुराचं कॉम्प्युटर मॉडेल करणारी पुण्याची इंजिनिअर शलाका त्यांच्याकडेच आली.

"अक्का, उपग्रहाला छपरं दिसतात. उंबरे रस्त्यापासून किती उंच, ते नाही दिसत."

"मग ही टेप कशाला आहे?"

आठ दिवसांत त्यांनी एकोणचाळीस उंबरे वहीत उतरवले. शलाकानं आकडे भरले, दोन वर्षांपूर्वीचा पाऊस स्क्रीनवर पाडला. निळं पाणी रस्त्यावरच थांबलं.

"तुमची गल्ली सेफ आहे अक्का. इथला पाणी उपसायचा पंप वरच्या गल्लीला द्या, असं उद्याच्या वॉर्डाच्या मीटिंगमध्ये सांगते."

"मग त्या दिवशी माझ्या मशीनचं पायडल बुडलं ते कशात?"

गोजराबाई उठल्या. स्वतःच्या उंबऱ्याला टेप लावली. सात इंच. वहीत नऊ. शेजारच्या मल्हाररावांचा आठ, वहीत दहा. माप घेतलं की शिवणीसाठी दोन इंच जास्तीचे लिहायचे, ही हाताची सवय.

मल्हारराव दारातून म्हणाले, "काय अक्का, आमचा उंबरा पण स्वल्प ढिला शिवलात की."

शलाका हळूच म्हणाली, "मी सगळीकडून दोन वजा करते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"वजाबिजा नको. आधी पुन्हा मोजू. आणि उद्या मीच सांगणार. पंप गेला तर पाणी आमच्या घरात येणार, तुझ्या स्क्रीनमध्ये नाही."

संध्याकाळपर्यंत दोघींनी ओणवं होऊन सगळी गल्ली मोजली. नव्या आकड्यांनी तेरा घरं निळी झाली. त्यातलं एक गोजराबाईंचं.

मीटिंगमध्ये दोन्ही नकाशे पाहून वॉर्डाच्या साहेबांनी विचारलं, "कालचा नकाशा वेगळा होता. चूक कोणाची?"

गोजराबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "माझी. ज्या सवयीनं बत्तीस वर्षांत एक ब्लाउज घट्ट झाला नाही, तिची. आता बिनशिवणीची मापं आणलीत. टेप पण आणलीय, या मोजायला."

कुणी मोजायला गेलं नाही. पंप गल्लीतच राहिला.

सप्टेंबरात तसाच पाऊस कोसळला. तेराही घरांतली माणसं दुपारीच वरच्या शाळेत पोचली होती, गोजराबाईंचं मशीन टेबलावर चढलं होतं. पाणी ओसरायला लागल्यावर त्या परतल्या. पंप धडधडत होता. भिंतीवरच्या ओल्या रेघेला त्यांनी टेप लावली आणि शलाकाला फोन केला.

"माझ्या उंबऱ्यावर किती म्हणालं होतं तुझं मॉडेल?"

"दोन इंच. का हो अक्का?"

"दीड आलं. सरी, चालेल; या खेपेला जास्तीचं तू सोडलंस."