चौदा सेकंदांची पैज

"आवाज त कोंबड्यालेही हाये."

हे म्हणण्याआधी टेलर मास्टर मशीनच्या पायट्यावरचा पाय थांबवायचे, ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचायचे आणि मग तर्जनी वर करायचे. टाचण्या चार असोत की सहा, सगळ्या निघेपर्यंत समोरच्याने गप्प बसायचं. एवढी तयारी करून माणूस एकच वाक्य बोलतो, तेव्हा ते ऐकावंच लागतं. तुमच्याही गावात असा एखादा असेल, तर मी काय म्हणतो ते कळेल.

साकोलीला बस स्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं, आठ फूट बाय सहा फूट. मी पाटबंधारे कचेरीत कारकून होतो. तलावांच्या पाण्याचे आकडे लिहायचे, हे माझं काम. कचेरी सुटली की मी त्या दुकानाच्या बाकावर बसायचो. तिथे सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर आधीच आलेले असायचे. मास्टर त्यांना 'अर्धे डाक्टर' म्हणायचे. कंपाउंडर चिडायचे, पण रोज यायचे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कंपाउंडरच्या नागपूरच्या मेहुण्याने त्यांना एक कॅसेट भरून दिली. एका बाजूवर त्याने लिहिलं होतं रॉक, दुसऱ्या बाजूवर रॅप. रॉकवाला गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा आणि वरचा सूर धरून ठेवायचा. रॅपवाला गातच नव्हता, नुसता झरझर बोलायचा. कंपाउंडर रॉकवर फिदा झाले. मास्टरांनी रॅप ऐकलं, टाचण्या काढल्या आणि कोंबड्याचं वाक्य म्हटलं. खरा गायक शब्दांवर उभा राहतो, हे त्यांचं म्हणणं.

"मास्टर, त्याचा एक तरी शब्द समजते का तुले?" कंपाउंडरनी विचारलं.

"मले काहून समजाव? त्याले समजते ना."

हा वाद पावसाळाभर चालला. रॅपची बाजू लागली की मास्टरांचा पाय भरभर चाले, रॉक लागलं की पाय रेंगाळे आणि हात मात्र कापड पुढे ओढत राही. त्या काळात त्यांनी शिवलेल्या माझ्या एका पँटच्या डाव्या पायाला इंचाला बारा टाके होते आणि उजव्या पायाला आठ. मी मोजून दाखवले. उजवा पाय कंपाउंडरचा आहे, त्यांच्याकडूनच उसवून घ्या, असं मला सांगण्यात आलं.

शब्दांचा हा एवढा कैवार कशासाठी, ते मला उशिरा कळलं. मास्टर पूर्वी खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, शाहीर होते. दोन शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांना गाण्यात अडवतात, तसल्या एका सामन्यात वरच्या सुराला त्यांचा गळा फाटला आणि अख्खी मंडई, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरते ती जत्रा, हसली. त्याला दहा वर्षं झाली होती. त्यानंतर ते कधी गायले नाहीत, मंडईतही गेले नाहीत. न गाणाराही गायक असू शकतो, हे त्या कॅसेटने त्यांना पहिल्यांदा सांगितलं होतं.

कंपाउंडरला हे ठाऊक नसावं. एक दिवस त्यांनी माझं घड्याळ मागितलं. रॉकवाल्याचा सर्वांत लांब सूर एका दमात चौदा सेकंद टिकत होता. मी तीनदा मोजला. यंदाच्या मंडईत मास्टरांनी उभं राहून एका दमात चौदा सेकंदांच्या वर बोलून दाखवावं, अशी पैज कंपाउंडरनी लावली. जमलं तर ते स्वतः सगळ्यांसमोर कोंबड्यासारखे आरवतील. नाही जमलं तर मास्टरांनी आरवायचं आणि कोंबड्याचं ते वाक्य कायमचं सोडायचं.

मास्टरांनी टाचण्या काढल्या नाहीत. तशीच मान डोलावली.

दिवाळीनंतर जवळच्या एका गावच्या मंडईत, दुपारी, गंमत सुरू होण्याआधी ते उभे राहिले. गळ्यात मापाची पट्टी तशीच होती. घड्याळ घेऊन मी समोर बसलो. ते पायाने मशीनसारखा ताल धरून सुटले:

"पाटलाचा पायजमा, गुरुजीचा कोट,
सरपंचाच्या सदऱ्यात माईना पोट,
आज देतो, उद्या देतो, सुई गेली मोडून,
लाईट नाही, धागा नाही, मंग देऊ कोठून!"

पुढे आणखी बरंच होतं. ज्यांचे कपडे अडकले होते ते सगळे समोरच बसले होते आणि तेच जास्त हसत होते. अकराव्या सेकंदाला मास्टरांनी मान वळवली आणि एक बारीक दम चोरला. मला दिसला. हसण्याच्या गलक्यात तो कुणालाच कळला नाही. एकोणिसाव्या सेकंदाला ते थांबले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आकड्यांच्या बाबतीत तोवर मी कुणाला फसवलं नव्हतं.

"एकोणीस," मी म्हणालो.

कंपाउंडर सचोटीचा माणूस. कमरेवर हात ठेवून तीनदा आरवले.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर बसलो, तर मशीन बंदच होतं.

"बाबूजी, मी मधात दम घेतलो. तुमी पायले ना?"

पाहिलं, मी म्हणालो. एवढे लोक खुशीने हसत असताना मधे अकरा म्हणणं मला जमलं नाही, हेही सांगितलं.

"दहा सालामागंही हासले होते. ते हासणं येगळं, कालचं येगळं, मले समजते. तेवढं मले पुरलं. पण बिचारा अर्धा डाक्टर फुकट आरवला."

ते उठले आणि समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर चढले. बाजाराचा दिवस होता. हातातली बशी तोंडाशी नेऊन कंपाउंडर तिथेच बसले होते. मास्टरांनी आधी त्यांना, मग सगळ्या टपरीला सांगितलं की आपण हरलो. बाबूजीच्या घड्याळाचा काटा अटकला होता, असंही सांगितलं. मग मान वर करून ते आरवले.

दहा वर्षं ज्या सुराकडे ते फिरकले नव्हते, तोच हा सूर होता. चढला आणि वर थांबला. सवयीने माझी नजर मनगटावर गेली. नऊ सेकंद. कुठेही फाटला नाही. कंपाउंडरची बशी हातातच राहिली.

ठरल्याप्रमाणे मास्टरांनी ते वाक्य सोडलं. टाचण्या मात्र तशाच काढत राहिले, तर्जनी वर करत आणि आमच्याकडे पाहून गप्प बसत. वाक्य कंपाउंडर पुरं करायचे.

पुढे माझी बदली मोहाडीला झाली. मास्टर गेल्याचं मला कंपाउंडरच्या पत्राने कळलं. पत्र चार ओळींचं होतं, सोबत कॅसेट होती. ती लावायला माझ्याकडे टेप नाही.

आमच्या शेजाऱ्यांकडे एक लाल कोंबडा आहे. पहाटे तो आरवला की उशाशी ठेवलेलं घड्याळ मी अजून हातात घेतो. सव्वादोन, फार तर अडीच सेकंद.